विंचवाचा उतारा

रायगडचा किनारा म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यासमोर काय येतं? मांडव्याची बोट, काशीदची वाळू, दिवेआगरचे उकडीचे मोदक आणि रविवारी संध्याकाळी वडखळ नाक्यावरचं ट्रॅफिक. शुक्रवारी रात्री निघायचं आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत मीटिंगला हजर व्हायचं. त्याच पट्ट्यातल्या एका जुन्या रहिवाशाबद्दल आज लिहिणार आहे. तांबूस-पिवळट रंग, दोन-तीन इंच लांबी. जांभ्या दगडाच्या भेगांत, लाकडाच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात त्याचा मुक्काम. लाल विंचू. आणि या विंचवावर औषध कोणतं, यावरून महाड, परळ आणि चिपळूण या तीन ठिकाणच्या डॉक्टरांमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं भांडण.

भांडण हा शब्द मुद्दाम वापरतोय. मतभेद म्हटलं की फार सभ्य वाटतं, आणि इथे तर लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न होता.

माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यातलं. तिकडे विंचू चावला की पूर्वी पहिला निरोप जायचा तो विंचू उतरवणाऱ्याकडे. गावात एक तरी माणूस असायचाच. काही मंत्र, थोडी राख, कुठली तरी मुळी उगाळून लावायची, आणि वेदना मांडीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत 'उतरत' आणायची. आपल्याला हसू येतं, पण आकडेमोड करून बघा. बहुसंख्य दंश मुळात जीवघेणे नसतातच. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या दंशाने माणूस सहसा मरत नाही. लाल विंचवाच्याही अनेक दंशांत नुसती आग होते आणि काही तासांनी थांबते. म्हणजे मांत्रिकाने काहीही केलं तरी त्याचा सक्सेस रेट चांगलाच दिसणार. आमच्या इंडस्ट्रीत सर्व्हर रीस्टार्ट करून प्रॉब्लेम सोडवणारे लोक असतात, त्यातलाच प्रकार.

खरी गोम पुढे आहे. लाल विंचवाच्या गंभीर दंशात चावलेल्या जागी वेदना बऱ्याचदा कमी असते. जो रुग्ण ठणाणा ओरडतोय, तो बहुतेक वेळा सुरक्षित असतो. जो गप्प पडलाय, ज्याला दरदरून घाम फुटलाय, उलट्या होतायत आणि हातपाय बर्फासारखे गार पडलेत, त्याची काळजी करायची. आता कल्पना करा, अंगणात मुलगा पडलाय, त्याचं रडणं थांबलंय, आणि सगळे म्हणतायत, "उतरला बरं का!"

१९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. गाव जालना जिल्ह्यातलं देहेड, घरची परिस्थिती गरिबीची, एमबीबीएस नागपूरहून. कोकण त्यांच्यासाठी परकाच मुलूख. (महाड अगदी किनाऱ्यावर नाही हे मला माहीत आहे. पण सावित्रीची खाडी बाणकोटहून आत येते आणि एकेकाळी महाड हे बंदरच होतं, तेव्हा चालवून घ्या.) आरोग्य केंद्रात विंचू चावलेले रुग्ण यायचे आणि त्यातले काही, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत मरायची. आधी घाम आणि उलट्या, मग धाप, मग तोंडातून गुलाबी फेस. मुंबई दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर लांब, रस्ता त्या काळचा, गाडी मिळाली तर मिळाली.

त्या काळच्या वैद्यकीय शिक्षणात विंचूदंशाला फारसं महत्त्व नव्हतं. विंचू चावला की दुखतं, वेदनाशामक द्यावं, सुन्न करायचं इंजेक्शन टोचावं, साधारण एवढंच. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांना हे रुग्ण दिसायचेच कमी, कारण गंभीर रुग्ण तिथपर्यंत पोचायच्या आधीच जायचा. म्हणजे ज्यांच्या शब्दाला वजन होतं त्यांच्याकडे केसेस नव्हत्या, आणि ज्याच्याकडे केसेस होत्या तो तालुक्यातला एक नवखा मेडिकल ऑफिसर. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार लगेच कळेल. प्रॉडक्शनवर सिस्टिम रोज कोसळतेय आणि हेड ऑफिस म्हणतंय, आमच्याकडे तर नीट चालतंय.

बावस्करांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक रुग्णाचं रक्तदाब, नाडी, घाम, हातपाय गार की गरम, किती वाजता चावला, किती वाजता काय झालं. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी केलं आणि परत याच भागात आले. शहरात राहायची संधी असताना तालुक्याला परत जाणं हे तेव्हाही सोपं नव्हतंच. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध छापून आला. विषय होता लाल विंचवाच्या दंशात हृदयावर संकट येणार आहे हे आधीच सांगणारी लक्षणं.

त्या संकटाचं यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच उभं आहे. आपल्या मज्जातंतूंमध्ये सोडियमची बारीक दारं असतात. ती क्षणभर उघडतात आणि बंद होतात, त्यातून सिग्नल जातो. लाल विंचवाचं विष ही दारं नीट बंदच होऊ देत नाही. मग सिग्नलमागून सिग्नल सुटत राहतात आणि शरीरात ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. त्या आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, आणि फुप्फुसात पाणी साठतं. रुग्ण कोरड्या जमिनीवर बुडून मरतो म्हणा ना.

यावर त्या काळात जे उपाय चालायचे ते वाचून अंगावर काटा येतो. घाम, लाळ, उलट्या ही लक्षणं कीटकनाशकाच्या विषबाधेसारखी दिसतात, म्हणून काही ठिकाणी ॲट्रोपिन दिलं जायचं. कीटकनाशकाच्या विषबाधेत ते जीव वाचवतं. इथे मात्र आधीच धावणाऱ्या हृदयाला ते आणखी पळवतं. शिवाय स्टेरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं, गुंगी आणणाऱ्या तीन औषधांचं मिश्रण. देणारे डॉक्टर बेफिकीर होते असं मला वाटत नाही. प्रत्येकाकडे आपापला तर्क होता, आणि प्रत्येकाने वाचलेले चार रुग्ण बघितलेले होते. आपल्या मांत्रिकासारखेच.

बावस्करांचं म्हणणं असं की मूळ दुखणं आवळलेल्या रक्तवाहिन्यांचं आहे, तेव्हा त्या सैल करा. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं गेलं. औषध जबरदस्त, पण सलाइनमधून थेंब मोजत द्यायचं, बाटली उजेडापासून झाकून ठेवायची, दर थोड्या वेळाने रक्तदाब बघायचा. रात्री दोन वाजता, लाइट गेलेल्या आरोग्य केंद्रात, एक डॉक्टर आणि एक नर्स असताना हे कसं जमायचं? मग त्यांनी प्राझोसिन निवडलं. ही ब्लडप्रेशरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. नॉरॲड्रिनलिन रक्तवाहिनीच्या ज्या कुलपाला लागून ती आवळतं, त्या कुलपातच ही गोळी जाऊन बसते. निकष इतका साधा ठेवला की कुणालाही पाळता यावा: हातपाय गरम होईपर्यंत ठरावीक तासांनी गोळी द्या. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवा, उठवू नका. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं.

प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर दंशातला मृत्युदर सुमारे ३० टक्के सांगितला जातो. प्राझोसिननंतर तो एक-दोन टक्क्यांच्या घरात आला. या दोन आकड्यांमध्ये कोकणातली किती घरं असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती 'खेड्यातल्या डॉक्टरने जगाला दाखवून दिलं' छापाची झाली असती, फॉरवर्ड करायला उत्तम. पण मला त्यापुढचा भाग जास्त आवडतो.

परळला शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती शरीरक्रियाशास्त्र शिकवत आणि विंचवाच्या विषावर प्रयोग करत. त्यांचा मुद्दा वेगळा होता. ॲड्रिनलिनच्या पुरामुळे इन्सुलिन दबतं, रक्तातली साखर आणि स्निग्धाम्लं वाढतात, पेशींचं सगळं इंधन-गणित बिघडतं, आणि हृदय त्यामुळे मार खातं. म्हणून इन्सुलिन आणि ग्लुकोज द्या. हेही पटण्यासारखं आहे! बावस्कर नळ्या बघत होते, मूर्ती इंधन बघत होते. एकाच बंद पडलेल्या गाडीभोवती दोन मेकॅनिक, असं चित्र.

तिसरा पक्ष चिपळूणचा. तिथले डॉ. विवेक नातू आणि सहकारी म्हणत होते की मूळ विषच निकामी करा ना. सापाच्या विषावर जशी लस असते तशी (खरं तर ती लस नव्हेच, घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष, पण गावात सगळे लसच म्हणतात) लाल विंचवावरही मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागली होती. २००६ साली नातूंनी ग्रामीण हॉस्पिटलमधला अनुभव 'जापी' या भारतीय फिजिशियनांच्या नियतकालिकात मांडला. आणि गंमत म्हणजे सहलेखकांत परळचे मूर्तीही होते. २०१० साली त्यांनी प्राझोसिनपेक्षा प्रतिविष सरस असल्याचा निष्कर्ष छापला.

महाडला हे सहजासहजी पटणारं नव्हतं. बावस्कर बराच काळ प्रतिविषाबद्दल साशंक होते, आणि त्यांच्या शंका पोकळ नव्हत्या. एकदा ॲड्रिनलिनचा पूर आला की मागाहून विष धुऊन काय उपयोग? बाण सुटून गेल्यावर धनुष्य मोडल्यासारखंच. शिवाय घोड्याच्या प्रथिनांची ॲलर्जी येऊ शकते, किंमत जास्त, पुरवठा बेभरवशाचा. प्राझोसिनची पट्टी मात्र कुठल्याही मेडिकलच्या दुकानात मिळायची. जगातही त्यांना भक्कम पाठिंबा होता. इस्रायलमध्ये बीरशेबाचे हृदयरोगतज्ज्ञ मोशे गुएरॉन, ज्यांनी विंचूदंश आणि हृदय या विषयाचा पाया घातला, तेही प्रतिविषाच्या उपयोगाबद्दल साशंक होते. १९९९ साली ट्युनिशियातून 'लॅन्सेट'मध्ये ८२५ रुग्णांची चाचणी आली: सरसकट प्रतिविष देऊन फायदा दिसला नाही. विषय मिटला असं कुणालाही वाटलं असतं.

आणि मग २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातून एक छोटीशी चाचणी आली. फक्त १५ मुलं. आठ जणांना प्रतिविष, सात जणांना खोटं औषध. चार तासांत पहिल्या गटातली आठही बरी, दुसऱ्या गटातलं फक्त एक. आता कुणाचं खरं मानायचं?

उत्तर असं की दोन्ही खरी असू शकतात. ट्युनिशियात विंचू वेगळा, ॲरिझोनात वेगळा, विष वेगळं. ट्युनिशियाच्या चाचणीत सौम्य दंशाचे रुग्णही होतेच, आणि जे आपोआप बरे होणार होते त्यांच्यात औषधाचा फरक कसा दिसणार? दुसऱ्याच्या मशीनवर केलेलं टेस्टिंग आपल्या मशीनला लागू होत नाही, हे आम्हाला पहिल्याच नोकरीत कळतं. कोकणातल्या विंचवाचा निकाल कोकणातच लागायचा होता.

तो लावला बावस्करांनीच. महाडच्या आपल्या हॉस्पिटलात त्यांनी चाचणी घेतली. लाल विंचवाच्या दंशाने पूर्ण शरीरावर लक्षणं दिसू लागलेले ७० रुग्ण, प्रत्येक गटात ३५. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मनावर सोडलं नव्हतं, ते नशिबावर होतं. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन अधिक प्रतिविष. नीट बघा, प्राझोसिन कुणाचंच काढून घेतलेलं नाही. जे जीव वाचवतं हे माहीत आहे ते सगळ्यांना, आणि ज्यावर वाद आहे तेवढंच निम्म्यांना. डिझाइन म्हणून मला हे फार आवडलं.

दहा तासांनंतर कोण पूर्ण बरं झालंय हे मोजायचं ठरलं होतं. फक्त प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. प्रतिविषही मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ एका बाजूला साधारण पावणेअठरा तास, दुसऱ्या बाजूला आठ. २०११ साली 'बीएमजे'मध्ये हा निकाल छापून आला, नाव अर्थातच बावस्कर आणि बावस्कर.

ज्या माणसाची सगळी कीर्ती प्राझोसिनवर उभी होती, त्यानेच चाचणी घेऊन सांगितलं की प्राझोसिन एकटं पुरेसं नाही, चिपळूणवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्याने मोजलंच नसतं तरी कुणी जाब विचारला नसता. मी आर्किटेक्ट लोकांना आपल्या जुन्या डिझाइनचं समर्थन करताना तासन् तास ऐकलंय, त्यामुळे ही गोष्ट किती दुर्मीळ आहे याची मला कल्पना आहे.

चाचणीला मर्यादा आहेतच. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना दिसत होतं, त्यामुळे 'बरा झाला' असं ठरवताना नकळत झुकतं माप मिळू शकतं. मोजला तो बरं होण्याचा वेळ, मृत्यू नव्हे. आणि सगळं एकाच हॉस्पिटलातलं. पण २०१४ साली पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये लहान मुलांवर अशीच चाचणी झाली आणि तिचाही कल त्याच बाजूला गेला. म्हणजे महाडपासून हजारेक किलोमीटरवर, दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या रुग्णांवर, तेच बघितलं.

परळच्या इन्सुलिनला मात्र अशी समोरासमोर चाचणी घेणारा कुणी भेटल्याचं दिसत नाही. कदाचित मूर्तींचा मुद्दा चुकीचा असेल, कदाचित अर्धा बरोबर असेल. प्राझोसिन स्वस्त आणि सोपं निघालं, आणि रात्रीच्या आरोग्य केंद्रात इन्सुलिन-ग्लुकोजचं गणित सांभाळणं जोखमीचं, म्हणून तो धागा मागे पडला. हरलेल्या बाजूचं नीट ऐकून घेतलं गेलं का, हा प्रश्न मला छळतो, पण असो.

आणि प्राझोसिनला सुट्टी मिळाली असंही समजू नका. प्रतिविष लवकर दिलं तर उपयोग जास्त, आणि 'लवकर' म्हणजे वाडीवरून दवाखान्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ. फ्रिजमध्ये कुपी असेलच असं नाही. गोळी असू शकते. म्हणून बिरवाडीचा तो जुना निकष, हातपाय गरम झाले का ते बघा, अजून कामाचा आहे.

बावस्करांचं दुसरं एक भांडणही सांगण्यासारखं आहे. २०१३ साली त्यांना एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय काढायला सांगितलं होतं, आणि तो तिथे गेला होता. म्हणजे सरळ भाषेत कट. वैद्यकीय व्यवसायात ही गोष्ट सगळ्यांना माहीत, आणि सगळे गप्प. हे गप्प बसले नाहीत. त्यांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आणि लिहिलंही. महाडसारख्या गावात, जिथे पुढचा रुग्ण पाठवायला आणि बोलवायला तेच मोजके डॉक्टर असतात, तिथे हे करायचं म्हणजे गुलाबी फेसापेक्षा फार सोपं नसावं.

पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. डॉक्टरांच्या संघटनेने आक्षेप घेतले. आमच्याच व्यवसायाला वेगळा कायदा कशाला, वकील आणि बिल्डर काय कमिशन घेत नाहीत का, अशा अर्थाचं बरंच काही तेव्हा बोललं गेलं. इथे ३५ विरुद्ध ३५ अशी चाचणी घेता येत नव्हती. रुग्णाच्या बिलातले कुठले रुपये तपासणीचे आणि कुठले पाठवणाऱ्याचे, हे ज्यांना माहीत होतं त्यांना ते मोजून घ्यायचं नव्हतं. मसुदा मसुदाच राहिला.

बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, विंचवासाठी.